सर्पगंधेखालची पाटी

वर्धा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रदर्शन नेहमीसारखेच होते. ज्वालामुखी होता, ठिबक सिंचनाची प्रतिकृती होती, पवनचक्की होती. पण शाळेच्या मागे हातपंपाच्या सांडपाण्यावर मुलांनी वनौषधींची बाग केली होती आणि ती मात्र मन लावून केलेली होती. अडुळसा, गुळवेल, शतावरी, कोरफड. प्रत्येक झाडाला विटांचे आळे आणि आळ्यात पत्र्याची रंगवलेली पाटी. त्यातली एक पाटी मी वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली:

“सर्पगंधा. उपयोग: मन शांत होते, चिंता जाते, गाढ झोप लागते, रक्तदाब कमी होतो. सर्पदंशावर गुणकारी. महात्मा गांधी हे औषध घेत असत. नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम नाहीत.”

पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते; पाटीचे कोणी करत नाही. वास्तविक शाळेच्या बागेतली पाटी पुस्तकापेक्षा जास्त वाचली जाते. मुले वाचतात, पालक सभेला आलेले वाचतात आणि शाळेत लिहिले आहे म्हणजे खरेच असणार, असे समजून घरी जातात. म्हणून या पाटीचे परीक्षण करायचे ठरवले. पाटी रंगवणाऱ्या मुलांचा यात काही दोष नाही. असाच मजकूर मी रोपवाटिकांच्या पत्रकांत, दिनदर्शिकांच्या मागच्या पानांवर आणि गोळ्यांच्या डब्यांवर वाचलेला आहे.

सुरुवात झाडापासून करू. पाटीमागचे झुडूप माझ्या कमरेपर्यंत आलेले होते. एकेका पेरावर चार पाने होती आणि ती सारखी नव्हती, दोन मोठी आणि दोन लहान. फुले बारीक, फिकट पांढरी. खरी सर्पगंधा बुटकी असते, सहसा गुडघ्याच्या वर फारशी जात नाही. तिच्या पेरावर बहुधा तीन पाने असतात आणि फुलांचे देठ व नळ्या लालसर असल्यामुळे पांढऱ्या फुलांचा गुच्छ दुरूनही उठून दिसतो. शाळेत होती ती तिची अमेरिकेकडून आलेली चुलत बहीण, रावोल्फिया टेट्राफायला. ‘टेट्राफायला’ या शब्दाचा अर्थच चार पानांची. ही वनस्पती आपल्याकडे बागांतून आणि पडीक जागी सहज वाढते आणि सर्पगंधेच्या नावाने सर्रास खपते. बाजारातल्या मुळांतही तिची भेसळ होते. तिच्यातही अल्कलॉइडे असतात, पण वेगळ्या प्रमाणात. दोघीही कण्हेर आणि सदाफुलीच्या कुळातल्या आहेत. या कुळातली झाडे बरीच गुणी आहेत आणि बरीच विषारी आहेत. कण्हेरीबद्दल तर विदर्भात कोणाला सांगायला नको.

म्हणजे पाटीचा पहिला शब्दच चुकला होता. पण क्षणभर धरून चालू की झाड खरे आहे, आणि पुढे वाचू.

पाटीवरचे सगळ्यात वजनदार वाक्य गांधीजींचे आहे. वर्धा जिल्ह्यात ते असणे साहजिकही आहे. गांधीजी १९३६ पासून शेगावला म्हणजे नंतरच्या सेवाग्रामला राहात होते. आश्रमात सहल नेणाऱ्या शिक्षकांनी तिथले मालिशचे टेबल पाहिले असेल. आता वाक्य खरे आहे का? आहे. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने २०१९ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ने त्यांच्या प्रकृतीच्या नोंदींवर विशेष अंक काढला. त्यात दोन आकडे आहेत. २६ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांचा रक्तदाब १९४/१३० होता आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११०. दुसऱ्या वेळी ते बंगालच्या दौऱ्यावर होते. डॉ. सुशीला नय्यर यांना लिहिलेल्या पत्रात हा दाब कळवताना आपण सर्पगंधेचे थेंब घेत आहोत, असे त्यांनी लिहिले होते.

मात्र हे वाक्य पाटीवर येताना वाटेत काय काय गळून पडले ते पाहा. गांधीजींनी थेंब घेतले ते रक्तदाबासाठी. पाटी वाचणाऱ्याला वाटते की ते झोपेसाठी किंवा मन शांत राहावे म्हणून घेत. ते बागेतले मूळ उकरून खात नव्हते. कोणीतरी तयार करून दिलेले थेंब घेत होते. पत्र ज्यांना लिहिले त्या सुशीला नय्यर डॉक्टर होत्या. पुढे १९६९ मध्ये सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांनीच उभे केले. आणि २२०/११० हा आकडा गांधीजींना कळला तो पाऱ्याच्या यंत्रामुळे. पोटावर मातीची पट्टी, मालिश, मौन, मोजका आहार, विश्रांती हे सगळे त्यांचे चालू असेच. मग दाब उतरला तर तो थेंबांनी, मातीने, मौनाने की नुसत्या विश्रांतीने, हे एका माणसाच्या नोंदीवरून ठरवता येत नाही. तो माणूस कितीही मोठा असला तरी नाही.

दहावीच्या वर्गात हा मुद्दा समजावून सांगायला भाषण लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून परिचारिका ताईंना रक्तदाबाचे यंत्र घेऊन बोलवावे. चार-पाच शिक्षकांचा दाब दर पाच मिनिटांनी पाच वेळा मोजावा आणि फळ्यावर लिहावा. बहुतेकांचा पहिला आकडा जास्त येतो, नंतरचे उतरत जातात. मधल्या वेळात प्रत्येकाला एक बत्तासा दिला असता तर ‘बत्तासा रक्तदाबावर गुणकारी’ अशी पाटी रंगवायला हरकत नव्हती.

गांधीजी आणि हे मूळ यांचा संबंध त्या थेंबांहून जुना आहे, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. १९२१ मध्ये त्यांनी दिल्लीच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन केले. हे कॉलेज हकीम अजमल खान यांचे. १९२५ मध्ये कलकत्त्याला अष्टांग आयुर्वेद विद्यालयाची कोनशिला बसवताना त्यांनी वैद्यांना चांगलेच सुनावले. वैद्य जुन्या वैभवावर जगतात, भरमसाट जाहिराती करतात आणि पाश्चात्त्य डॉक्टरांकडे असलेली शोधक वृत्ती त्यांच्याकडे नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. कलकत्त्याचे वैद्य दुखावले. त्यांच्या वतीने कविराज गणनाथ सेन यांनी गांधीजींना पत्र लिहिले. गांधीजींनी ते ‘यंग इंडिया’त छापले, उत्तरही दिले आणि आपले मत बदलले नाही.

पुढे सहा वर्षांनी, १९३१ मध्ये, याच गणनाथ सेन यांनी डॉ. कार्तिकचंद्र बोस यांच्याबरोबर एक लेख प्रसिद्ध केला. सर्पगंधा हे वेडावर आणि उच्च रक्तदाबावर नवे भारतीय औषध आहे, असा त्याचा विषय होता. बिहारकडे या मुळाला ‘पागलांची दवा’ म्हणत आणि उन्माद झालेल्या रोग्यांना ते देत. सेन आणि बोस यांनी ते रोग्यांना मोजून दिले आणि काय घडले ते लिहून ठेवले. त्याच वर्षी तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून पाच अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतल्या एकाला हकीमसाहेबांच्या नावावरून ‘अजमलीन’ नाव दिले. अजमलीन हृदयाच्या ठोक्यांशी संबंधित तपासणीत अजूनही वापरतात. मात्र मन शांत करणारे द्रव्य ते नव्हे. ते अजून मुळातच दडून होते.

यानंतरची गोष्ट मुंबईची. डॉ. रुस्तुम जाल वकील हे तिथले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी बरीच वर्षे हे औषध रोग्यांना देऊन पाहिले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवरचा अभ्यास छापला. बहुतेकांचा दाब उतरला होता. वकिलांचा लेख वाचताना एक उणीव जाणवते. औषध न घेणाऱ्यांचा तुलनेसाठीचा गट त्यात नाही, आणि वर सांगितलेल्या बत्ताशाच्या प्रयोगावरून अशा गटाची गरज का असते ते कळेल. पण वकिलांनी नोंदी अशा रीतीने ठेवल्या होत्या की दुसऱ्याला त्या तपासून पाहता याव्यात. अमेरिकेत बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी त्या तपासून पाहिल्या. स्वित्झर्लंडमध्ये सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळातले शांत करणारे द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसरपिन. १९५७ चे लास्कर पारितोषिक मिळालेल्यांत डॉ. वकीलही होते.

ही गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगतात आणि दोन्ही प्रकार मला अपुरे वाटतात. एक म्हणजे ‘आमचे ज्ञान परक्यांनी चोरले’. दुसरा म्हणजे ‘झाडपाला सगळा थोतांड, खरे औषध कंपनीने केले’. पहिल्यात सिद्दिकी, सेन, बोस आणि वकील यांची मेहनत नाहीशी होते, कारण मग त्यांनी नवे असे काही केलेच नाही. दुसऱ्यात ते मूळ पिढ्यान्‌पिढ्या वापरणारी माणसे नाहीशी होतात; त्यांनी बोट दाखवले नसते तर या झुडपाकडे कोणी पाहिलेच नसते.

आता ‘मन शांत होते’ याकडे येऊ. हे कसे होते ते अकरावी-बारावीच्या मुलांना सहज समजण्यासारखे आहे.

एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप जातो तो रसायनांच्या मार्फत. नॉरअ‍ॅड्रेनलीन, डोपामिन, सेरोटोनिन ही त्यांतली तीन नावे. चेतातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांत हे रसायन भरून ठेवलेले असते, कणगीत ज्वारी भरून ठेवावी तसे. निरोप आला की कणगीतून थोडे रसायन बाहेर पडते आणि काम झाले की पुन्हा आत भरले जाते. रेसरपिन काय करते, तर कणगीचे भरण्याचे तोंडच लिंपून टाकते. बाहेर पडलेली ज्वारी आत जात नाही, आणि अंगणात घुशी टपलेल्या असतातच. या घुशी म्हणजे पेशीतले एक विकर, मोनोअमीन ऑक्सिडेझ. दोन-चार दिवसांत कणग्या रिकाम्या होतात. निरोप आला तरी पाठवायला काही उरत नाही. रक्तवाहिन्या सैल पडतात, नाडी मंदावते, दाब उतरतो. मेंदूतल्या कणग्याही रिकाम्या होतात आणि चवताळलेला रोगी निवतो.

‘शांती’ म्हणजे तिथे हे असते. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपिन दिले, तेव्हा ससे निपचित पडले, कान पाडून, हालचाल न करता. मग त्यांना डोपामिनचे पूर्वद्रव्य एल-डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. डोपामिनचे मेंदूतले काम कळले ते या सशांवरून, आणि कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पायाही त्यातून घातला गेला. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पाटीवर ‘मन शांत होते’ असे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ध्यानस्थ ऋषी असतो. माझ्या डोळ्यांसमोर ते ससे येतात.

मूळ खरोखर काम करते म्हणूनच त्याचे दुष्परिणामही आहेत. चोंदलेले नाक ही सगळ्यांत ठळक खूण. जुने डॉक्टर रोग्याच्या गेंगाण्या आवाजावरून ओळखत की हा रेसरपिनवर आहे. शिवाय पोटातले आम्ल वाढते आणि ज्याला जठरव्रण आहे त्याचा तो चिघळू शकतो. नाडी मंदावते, उभे राहताना चक्कर येते. मात्रा वाढली तर हात थरथरतात आणि चेहरा ताठरतो, कंपवातासारखा. झोपाळूपणा येतो हे खरे, पण स्वप्ने वाढतात आणि काहींना भयंकर स्वप्नांनी जाग येते. ‘गाढ झोप लागते’ असे लिहिणाऱ्याने हे कोठे वाचलेले नसावे. रक्तदाबावरील परिणाम पूर्ण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो बरेच दिवस टिकतो, कारण कणग्या नव्या तयार व्हाव्या लागतात. रात्री घेतले आणि सकाळी उतरले असा हा प्रकार नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न खिन्नतेचा. १९५० नंतरच्या दशकात रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही रोगी हळूहळू खिन्न होतात, अन्नावरची वासना जाते, मरणाच्या गोष्टी बोलू लागतात, असे वृत्तांत येऊ लागले. औषधाच्या माहितीपत्रकात तेव्हापासून इशारा आहे: ज्याला विषादाचा आजार आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, त्याला हे देऊ नये. नंतरच्या अभ्यासकांनी ते जुने वृत्तांत पुन्हा तपासले, तेव्हा चित्र तितके सरळ नसल्याचे दिसले. लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी १९५५ मध्ये चिंता आणि खिन्नता असलेल्या रोग्यांत चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते, एकाला रेसरपिन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. त्यात रेसरपिन घेणाऱ्यांची चिंता कमी झाली होती. तेव्हा पाटीवरचे ‘चिंता जाते’ हे अगदीच बिनबुडाचे म्हणता येणार नाही. पण त्या चाचणीत मात्रा मोजलेली होती, रोग्याला आठवड्यांमागून आठवडे डॉक्टर पाहात होते, आणि नंतर त्याहून सुरक्षित औषधे आल्यावर मानसोपचारतज्ज्ञांनी हे औषध बाजूला ठेवले. रक्तदाबासाठी त्याच्याजवळ जसा भक्कम पुरावा आहे तसा झोपेसाठी नाही. (अमेरिकेत १९६७ आणि १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचण्यांनी, रक्तदाब उतरवला की माणसे वाचतात, हे प्रथम सिद्ध केले, त्यांतल्या तीन औषधांपैकी एक रेसरपिन होते. हे मात्र पाटीवर अभिमानाने लिहिण्यासारखे आहे आणि नेमके तेच कोठे लिहिलेले नसते.)

मात्रेचे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. रक्तदाबासाठी रेसरपिनची रोजची मात्रा मिलिग्रॅमचा दहावा ते चौथा हिस्सा असते. मुळात रेसरपिन हजारात एक भागाच्या आसपास किंवा त्याहून बरेच कमी सापडते. जमीन, झाडाचे वय आणि काढणीचा हंगाम यांवर ते अवलंबून असते. एक ग्रॅम पूड घेतली आणि प्रमाण हजारात एक असले, तर तीत एक मिलिग्रॅम रेसरपिन झाले, नेहमीच्या वरच्या मात्रेच्या चौपट. ते सगळेच रक्तात उतरते असे नाही, शिवाय मुळात आणखी पुष्कळ अल्कलॉइडे असतात. दुसऱ्या झाडाच्या मुळात तेच प्रमाण पाव असेल. चिमूटभर म्हणजे किती ग्रॅम, हे प्रत्येकाच्या बोटांवर. आता विद्यार्थ्याला विचारा की शेवटी पोटात किती गेले. उत्तर येणार नाही, आणि तेच बरोबर उत्तर आहे.

‘सर्पदंशावर गुणकारी’ हे शब्द मी तिथल्या तिथे खोडायला लावले. मुंगूस साप चावला की मूळ खातो ही गोष्ट गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथातही आहे, म्हणजे ती निदान साडेचारशे वर्षे फिरते आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर उतारा एकच, प्रतिसर्पविष, आणि तो दवाखान्यात मिळतो. घोणस चावलेल्या माणसाचा रक्तदाब आधीच कोसळत असतो. त्याला दाब उतरवणारे मूळ पाजणे म्हणजे काय, याचा विचार व्हावा. शिवाय मूळ उगाळण्यात जो अर्धा तास जातो तो परत मिळत नाही.

जाता जाता अश्वगंधेबद्दल, कारण मुले ही दोन नावे हटकून एकमेकांत मिसळतात आणि झोपेसाठी हल्ली डब्यांतून जास्त खपते ती अश्वगंधा. तिचे शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा, यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ झोप आणणारी. तिच्यावर पोकळ गोळीशी तुलना केलेल्या चाचण्या झाल्या आहेत आणि झोपेत थोडी सुधारणा दिसली आहे. मात्र या चाचण्या लहान आहेत, काही आठवड्यांच्याच आहेत. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतून अश्वगंधा घेणाऱ्या पाच जणांना कावीळ होऊन यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध झाले आहे. तेव्हा हिच्या पाटीवरही ‘दुष्परिणाम नाहीत’ हे शब्द शोभणार नाहीत.

एवढे सगळे मी त्या दिवशी बागेत बोललो नाही. चार पाने दाखवली, सर्पदंश खोडायला लावला आणि चहाला गेलो. खरे सांगायचे तर मनातून मी जरा खूशच होतो, परीक्षकाला चूक सापडली की होतो तसा. निघताना बागेची देखभाल करणारी नववीतली मुलगी फाटकाशी येऊन थांबली. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तिने विचारले, “सर, माह्या बाबाले रातभर झोप येत नाही. हे मूळ देलं तं चालते का?”

मी विचारत गेलो तसे ती सांगत गेली. झोप लागते, पण तीनच्या सुमारास जाग येते आणि मग ते ओट्यावर बसून राहतात. दिवाळीपासून असे चालू आहे. जेवण कमी झाले आहे. कापूस विकून आल्यापासून कोणाशी फारसे बोलत नाहीत. आधी भजनात जात, आता जात नाहीत. आणि पाटीवर लिहिलेले वाचून तिने एक मूळ काढून, धुऊन, सावलीत वाळत घातले होते. द्यायच्या आधी एकदा विचारावे म्हणून ती थांबली होती.

ज्यांना वैद्यकाची माहिती आहे त्यांना हे वर्णन ओळखू येईल. पहाटे लवकर जाग येणे, भूक जाणे, आवडीच्या गोष्टींतून मन उडणे ही नुसत्या निद्रानाशाची लक्षणे नव्हेत, विषादाच्या आजाराची आहेत. ज्या एका माणसाला हे मूळ मुळीच देऊ नये असे माहितीपत्रक सांगते, तो नेमका तिच्या घरी ओट्यावर बसलेला होता. आणि तिच्या हातात होते तेही सर्पगंधेचे मूळ नव्हते. ‘झोप येत नाही’ ही तक्रार एकच असते, तिच्या मुळाशी दहा कारणे असू शकतात: काळजी, दुखणे, दमा, थायरॉइड, रात्रीचा चहा, दारू, खिन्नता. पाटी ही दहाही कारणे एका औषधात गुंडाळते. डॉक्टर निदान विचारतो तरी.

मी तिला सांगितले की मूळ देऊ नकोस, फेकून दे, आणि बाबांना डॉक्टरांकडे न्यायला हवे. नववीतल्या मुलीला एवढे सांगून भागत नाही, म्हणून परत आत जाऊन मुख्याध्यापकांशी बोललो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो, आणि टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी तो आधी आपल्या डायरीत लिहिला आणि मग कार्यालयातल्या फळ्याच्या कोपऱ्यात. पुढच्या सोमवारी ते स्वतः त्या मुलीच्या वडिलांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन गेले, असे त्यांनी मला नंतर कळवले. त्यापुढचे मी विचारले नाही.

पाटी मुलांनी नव्याने रंगवली आहे. शिक्षकांनी तिचे छायाचित्र पाठवले. मजकूर मुलांचाच आहे, मी फक्त एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारले:

“रावोल्फिया टेट्राफायला. एका पेरावर चार पाने, दोन मोठी, दोन लहान. मोजून पाहा. ही सर्पगंधा नाही. सर्पगंधेच्या मुळापासून रक्तदाबाचे औषध निघाले, त्याचे नाव रेसरपिन. मूळ उपटू नका, खाऊ नका, कोणाला देऊ नका. झोप येत नसेल तर सरांना किंवा मॅडमना सांगा.”